एल्गारच्या अॅमेझॉन सफरीवरची कादंबरी : यातलं खरं किती?

वाचनवेडी
'जेरॉन्टियस' कोणी वाचलीय का? जेम्स हॅमिल्टन-पॅटरसनची, १९८९ ची. म्हातारा इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार बोटीत बसून थेट अॅमेझॉनला निघतो. माझी अर्धी झालीय. माणूस इतका चिडका, इतका एकटा पडलेला दाखवलाय की वाचताना गलबलून येतं, आणि दर दोन पानांनी वाटतं हे खरंच त्याच्या डोक्यात चाललं होतं की सगळं लेखकाने रचलंय? मुळात तो गेला तरी होता का तिकडे?

मंद्रसप्तक
गेला होता, नक्की. नोव्हेंबर १९२३, हिल्डेब्रँड नावाची बोट, पार ब्राझीलमधल्या मनाउस शहरापर्यंत, म्हणजे समुद्र संपल्यावर नदीतून अजून दीडेक हजार किलोमीटर आत. वय ६६. बायको अॅलिस १९२० मधे गेली, त्याच्या आदल्या वर्षीचा चेलो कॉन्चेर्टो (एकट्या चेलोसाठी, वाद्यवृंदाच्या साथीने लिहिलेली रचना; चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं, खर्जातलं वाद्य) हेच त्याचं शेवटचं मोठं काम ठरलं. पण त्या सफरीत त्याने काय केलं, कोणाशी बोलला याची जवळपास काहीच नोंद नाही. त्यामुळे बोटीवरची बोलणी, मनातलं सगळं लेखकाचंच समज. मला त्यात काही गैर वाटत नाही, जागा रिकामी होती ती त्याने भरली. आणि नाव बघ ना, जेरॉन्टियस म्हणजे ग्रीकमधला म्हातारा, १९०० साली एल्गारने याच नावाच्या मरणाऱ्या माणसाच्या आत्म्याचा प्रवास संगीतात मांडला होता.

रात्रपाळी
मनाउसचं ऑपेरा हाऊस त्याला आवडलं होतं एवढं मात्र माहितीय. ते १८९६ चं, रबराच्या पैशावर उभं राहिलेलं. पण रबराचं बी १८७६ मधेच ब्राझीलबाहेर गेलं होतं, पुढे मलायात मळे उभे राहिले आणि इथला भाव कोसळला. एल्गार पोचला तेव्हा ती श्रीमंती ओसरून दहाएक वर्षं झाली होती. पहिल्या महायुद्धानंतर एल्गारचं संगीतही लोकांना जुनं वाटायला लागलं होतं, तो त्या इमारतीसमोर उभा राहिला असेल हे नुसतं डोळ्यासमोर आणलं तरी पोटात कालवतं.

आलाप
मला थोडं खटकतं. 'संपलेला माणूस' हे चित्र अर्धंच आहे हो. १९३२ मधे त्याने १६ वर्षांच्या मेन्युइन या व्हायोलिनवादकाला घेऊन स्वतःचा व्हायोलिन कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला, त्याच वर्षी बीबीसीने तिसरी सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) मागितली तर तो लिहायला बसलासुद्धा, १९३४ मधे गेला तेव्हा १३० च्या वर पानांची टिपणं मागे होती आणि अँथनी पेन या संगीतकाराने त्यावरून पुरी केलेली सिंफनी १९९८ मधे वाजली. कादंबरी जरूर वाच, पण आधी चेलो कॉन्चेर्टोची सुरुवात ऐक. चेलो एकटाच चार जड कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवतो, आणि मग मुख्य धून तो धरत नाही, व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठी, खालच्या सुराची वाद्यं) धरतात, खाली कसलीही साथ नाही.

वाचनवेडी
आत्ता ऐकलं. व्हायोला आले तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, पहिल्या पानापासून परत सुरू करते.