बटण बंद, तरी होल्डरला ९४ व्होल्ट. मीटर बिघडलाय की वायरिंग?

परशुराम_घाट
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. जिन्यातला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मंद जळतो, मध्येच लुकलुकतो. बल्ब काढून होल्डरला माझा डिजिटल मीटर लावला तर ९४ व्होल्ट! वायरमनने त्याचा काट्याचा जुना मीटर लावला, तर काटा जेमतेम १० वर. सॉकेटला मात्र दोघेही २३० च्या आसपास दाखवतात. वायरमन म्हणतो वायर गेली, भिंत फोडून नवीन ओढू. चार दिवस झाले, आई टॉर्च घेऊन जिना चढतेय, त्या बटणाला हात लावायला तयार नाही. कुठला मीटर खरा? भिंत फोडू की नको, एवढंच सांगा.

आगीनगाडी
बल्ब कुठल्या कंपनीचा? स्वस्तातले सगळे असेच करतात. दुहेरी होल्डर आणा आणि शेजारी झिरोचा बल्ब लावा. आमच्याकडे तेवढ्यानेच थांबलं.

खटका
बटणावर लाल इंडिकेटर आहे का? त्यातूनही एवढा करंट पलीकडे जातो. आणि बटण फेजमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर की परत नेणाऱ्या? हे कळल्याशिवाय कुणीही काही सांगू नये.

मिठाचा_खडा
आधी अर्थिंगचा खड्डा बघा. मीठ-कोळसा घालून किती वर्षं झाली? उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घालायचं असतं, कुणी घालत नाही.

परशुराम_घाट
इंडिकेटर नाही. अर्थिंग गेल्या वर्षीच नवं केलंय. मी मीटरबद्दल विचारतोय! फेज-न्यूट्रल कसं ओळखू?

खटका
बल्ब काढा, बटण बंद ठेवा. होल्डरची एकेक पिन आणि अर्थिंग यांच्यामध्ये दोन्ही मीटरने मोजा. एका पिनेवर दोन्ही मीटर ठाम २३० दाखवत असतील तर बटण न्यूट्रलमध्ये आहे, आणि ते धोक्याचं. बंद समजून बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, स्टुलावर चढून एकट्याने नको.

सोल्डर
एक विचारतो. बटणं दोन आहेत का? एक खाली, एक वर?

परशुराम_घाट
हो, अर्थात. जिनाच आहे ना.

सोल्डर
अहो, हेच पहिल्या ओळीत हवं होतं! टू-वेमध्ये, म्हणजे एकच दिवा दोन बटणांवर असतो तेव्हा, त्या बटणांच्या मध्ये दोन वायरी जातात. दिवा बंद असतो तेव्हा त्यातली एक फेजला जोडलेली असते आणि दुसरी, जी बल्बकडे जाते, ती अधांतरी. दोघी एकाच पाइपात अंगाला अंग लावून. दोन तारा आणि मध्ये प्लास्टिक, म्हणजे कपॅसिटरच झाला, एसी करंट थोडा थोडा पलीकडे जाऊ देणारा. मीटरभर लांबीला त्याची क्षमता ५० पिकोफॅरड धरा. ६ मीटरला झाले ३००. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण १ कोटी ओहम. त्यातून २०-२५ मायक्रोअँपिअर झिरपतो. तेवढ्यावर एलईडी मंद पेटू शकतो, किंवा आतला कपॅसिटर हळूहळू भरतो आणि क्षणभर लुकलुकतो.

आता मीटर. बहुतेक डिजिटल मीटरचा आतला रोध १ कोटी ओहम असतो, म्हणजे तो जवळजवळ काहीच ओढत नाही. काट्याच्या मीटरच्या तबकडीवर काय छापलंय बघा.

परशुराम_घाट
बारीक अक्षरात एसीपुढे व्होल्टमागे २००० ओहम असं आहे. रेंज २५० ची होती.

सोल्डर
२००० गुणिले २५०, म्हणजे ५ लाख ओहम. तुमच्या डिजिटलपेक्षा वीसपट जास्त ओढणारा. त्याने हात लावताच व्होल्टेज कोसळलं. दोन्ही मीटर खरं बोलताहेत. टाकीतून नळाकडे जाणारं भोक सुईएवढं असलं आणि नळ बंद असला, की प्रेशर पूर्ण दिसतं. तोटी उघडली की थेंब थेंब. सॉकेटमागे मोठा पाइप आहे, म्हणून तिथे दोघांचं जुळतं.

काटामीटर
म्हणूनच मी तीस वर्षं सांगतोय, घरात डिजिटल वापरूच नका. होल्डर-बल्बचा टेस्ट लॅम्प आणि काट्याचा मीटर, बस्स.

सोल्डर
असहमत. उद्या रेडिओच्या सर्किटमध्ये तुमचा मीटर लावलात तर तोच वाचन बिघडवेल.

ओलभिंत
कपॅसिटर वगैरे ठीक, पण कोकणात पावसात भिंती गळतात, पाइपात पाणी साचतं. मी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचं इन्शुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, तपासल्याशिवाय वायर चांगली म्हणणार नाही. १ मेगओहमच्या खाली आलं तर वायर बदला.

सोल्डर
मेगर जरूर मारा, बल्ब काढून. पण वायर मोठी गळत असती तर काट्याचा मीटर १० वर थांबला नसता.

परशुराम_घाट
वायरमनकडून तपासून घेतलं. एक पिन अर्थिंगला शून्याजवळ, दुसरी ९० च्या आसपास, म्हणजे बटण फेजमध्येच आहे. दुहेरी होल्डर लावून एकीकडे १५ वॅटचा झिरोचा बल्ब लावला, दुसरीकडे मीटर: पार शून्य. मग मीटरच्या जागी एलईडी लावला. अंधार! मेगरही मारला, २० मेगओहमच्या वर. भिंत वाचली. पण झिरोचा बल्ब कायम ठेवायचा नाहीये.

सोल्डर
०.१ मायक्रोफॅरडचा, एक्स-टू लिहिलेला (म्हणजे थेट मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला), २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर एलईडीला समांतर, डबीत बंद करून. चोरटा करंट त्यातून निघून जाईल, बल्बवर व्होल्टभरही राहणार नाही.

आगीनगाडी
पंख्याचा कपॅसिटर चालेल का? माझ्याकडे जुना पडलाय.

खटका
नको. तो २.५ मायक्रोफॅरडचा, पंचवीसपट मोठा. बटण दाबताना उगीच ठिणगी पडेल.

परशुराम_घाट
चिपळुणात एक्स-टू मिळाला नाही, रत्नागिरीहून येणाऱ्या मित्राला सांगितलंय. तोवर झिरोचा बल्ब आहेच. काल रात्री आई टॉर्च न घेता वर आली, आणि वर पोचल्यावर तिनेच बटण बंद केलं.