अंगावर पाजणं: ठरतं कुठं, बिघडतं कुठं? (अनुभव धागा)

सातव्या महिन्यात विचारलं तर पहिलटकरीण हमखास सांगते, 'अंगावरच पाजणार.' सहाव्या आठवड्यात मात्र घरात वरचं दूध सुरू झालेलं असतं. मधे काय होतं? कोल्हापूर आणि आसपास हे काम रोज बघणाऱ्यांनी लिहावं. स्वतःच्या बाळंतपणाच्या कहाण्या नकोत, पुढचीला उपयोगी पडेल ते लिहा.

प्रसूती वॉर्डातली सिस्टर, कोल्हापूर शहर

बहुतेकींचं पहिल्या तीन दिवसांतच ठरतं. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीला लावायचं, सिझर असलं तरी. कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझरमध्ये आई जागीच असते, बाळ धरायला कुणीतरी हवं इतकंच. टाके दुखत असतील तर बाळ काखेखाली धरा, पाय आईच्या पाठीकडे. पोटावर भार येत नाही.

चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट दूध, चमचा-दोन चमचेच येतो आणि तेवढाच लागतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिली मावतं. भरून दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. त्याआधीच्या रात्री बाळ सारखं रडतं आणि नातेवाईक पावडरीचा डबा आणायला मेडिकलकडं पळतात. डबा पाजला की बाळ झोपतं, छाती रिकामी होत नाही, दूध बनणं मंदावतं. मग 'बघा, हिला दूधच नाही' हे म्हणणं खरं ठरतं.

निपलला चिरा पडल्या तर मलम नंतर, आधी पकड बघा. तोंड जांभईएवढं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. निपलभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठापाशी जास्त दिसावा, खालच्या ओठापाशी कमी. चपचप आवाज येत असेल तर बाळ नुसतं निपल चोखतंय. ओढून काढू नका. ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवा, पकड सुटते. परत लावा.

दुसऱ्या एका सिस्टरची भर

निपल आत ओढलेलं असेल तर १० किंवा २० मिलीची नवी सिरिंज घ्या. सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूनं घालायचा आणि गुळगुळीत बाजू छातीला लावायची. उलटं केलंत तर कापलेली कड टोचते. पाजायच्या आधी अर्धा ते एक मिनिट हलकेच ओढून धरा, दुखलं की थांबा.

आशा सेविका (गावातली आरोग्य कार्यकर्ती), करवीर तालुका

आमच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पण खरं बोलणं आठव्या महिन्यातच करावं लागतं, आणि तेही आत्याबाईंशी, म्हणजे सासूशी. चीक पिळून टाकायचा का, मध चाटवायचा का, घुटी कधी, हे सुनेला कुठं विचारतात? 'तुमचं चुकतंय' म्हटलं की संपलं. त्यापेक्षा 'आत्याबाई, पहिला चीक पाजायची जबाबदारी तुमची' असं सांगितलं की त्याच राखण करतात. मधाचं मात्र स्पष्ट बोलायचं: वर्षाच्या आत नाही. त्यातल्या जंतूंच्या विषानं बाळ लुळं पडू शकतं.

अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा खुशाल चालू द्या. बाळंतिणीचं पाणी तोडायची रीत तेवढी बंद करा.

दुसरा धोका सव्वा महिन्याला. त्या सुमारास बाळाची वाढ झपाट्यानं होते, संध्याकाळी ते तासन्‌तास छाती सोडत नाही. नेमकं तेव्हाच माहेरहून सासरी यायचं असतं. नवी खोली, पाहुणे, पाजायला आडोसा नाही. 'दूध आटलं' असा निकाल लागतो, आणि आपल्याकडं म्हशीच्या दुधाला काय तोटा! गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पैलवानाला ठीक, तान्ह्याला नाही. दोन-तीन दिवस मागेल तितकं पाजू द्या, रात्रीसुद्धा. दूध आपोआप वाढतं.

बालरोगतज्ज्ञ

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ वेळा फिकट लघवी हवी. वजन आधी उतरतं. १० टक्क्यांच्या आत उतार असेल आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं तर ठीक. लघवी कमी, बाळ सुस्त, कावीळ वाढतेय, तर मात्र वाट बघू नका. काही बाळांना पावडर खरंच लागते. तेव्हा डब्यावरचं प्रमाण मोडू नका. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पातळ करणं सर्रास चालतं, आणि बाळ खंगतं.

कारखान्यातल्या कार्मिक विभागातून

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर. गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये कंत्राटी बायकांना हे कुणी सांगत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

दूध काढून ठेवायचं तर अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडं दाबा, मग एकमेकांकडं. झाकणाच्या उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात, खोलीत ४ तास, उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला २४ तास. वर साय धरल्यासारखा थर येतो. घरचे 'नासलं' म्हणून ओततात! भांडं हलकं फिरवलं की मिसळतं. गॅसवर तापवू नका, कोमट पाण्यात भांडं ठेवा.

ऊसतोड टोळ्यांत जाणारी आरोग्यसेविका

फडात स्वच्छ पाणी नाही, तिथं बाटली म्हणजे जुलाबाला आमंत्रण. बाळ कोपीत (झोपडीत) मोठ्या बहिणीजवळ ठेवण्यापेक्षा फडावर सावलीत आणायला लावा, मोळ्या बांधताना पाजता येतं. वरचं द्यावंच लागलं तर वाटी-चमचा नाहीतर बोंडलं (चोचीची छोटी वाटी). ते चुलीवरच्या पातेल्यात उकळता येतं; बाटलीच्या बुचातला थर घासूनही निघत नाही.