हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: भरतीची वेळ कशी काढायची?

प्रश्न: मार्चमध्ये हरिहरेश्वरला येतोय. शनिवारी त्रयोदशी, रविवारी चतुर्दशी. सोबत आई आहे, वय ६८, गुडघे दुखतात. रविवारी सकाळी नवाच्या सुमारास समुद्रकाठच्या खडकांवरून देवळाच्या डोंगराची प्रदक्षिणा करून कासवांची पिल्लं बघायला वेळासला जायचा बेत आहे. जमेल?

खाडीकाठ: रविवारी सकाळी अजिबात नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्दशीला १४ ची पाऊणपट साडेदहा, म्हणजे १०:३० ला पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. नवाला वाटेवर लाटा असतील. त्रयोदशीला भरती ९:४५ ला, तिथून साधारण सहा तासांनी, पावणेचारला, पूर्ण ओहोटी. शनिवारी दुपारीच उरका. वद्य पक्षातही प्रतिपदा १ धरूनच मोजायचं.

सुकती: गणित बरोबर, पण ते मुंबईला बेतलेलं. भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे हरिहरेश्वरला ती जरा आधी लागते. शिवाय तिथी दिवसात कधीही बदलते. म्हणून अडीचलाच पायऱ्या उतरा आणि साडेतीनपर्यंत देवळाशी परत या. पाणी ओसरत असताना जायचं. ते वळलं की उशीर झालाच समजा. उधाणाचा फायदा एकच, ओहोटीही खोल जाते आणि खडक भरपूर उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाणी एवढं मागे हटत नाही.

खडकाचा रंग बघत चाला. काळा, ओला दिसतो तिथवर लाट येतेय. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी पडलेला कोरडा भाग धरा. शेवाळावरून पाय सटकतो आणि हात टेकावा तर कालवांच्या कडा कापतात. पावसाळ्यात ओहोटीचं गणितही विसरा, लाट कुठवर येईल याचा नेम नसतो.

आईंना मात्र नेऊ नका. डोंगराच्या घळीतल्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. त्यांचं दर्शन निवांत होऊ द्या: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव.

खाडीकाठ: सव्वा तास आधी निघावं हे मान्य.

रोठा सुपारी: वेळाससाठी बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट घ्या, गाडीही चढते. नाहीतर आंबेतवरून मोठा वळसा पडतो. कासवांची पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात, पण त्या दिवशी घरट्यातून निघतीलच असं नाही. रविवारी मुक्काम वेळासलाच करा, म्हणजे ती संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ अशा दोन संधी मिळतात. जेवण मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा. घरगुती सोय आहे, आयत्या वेळी पान वाढलं जात नाही.