पुस्तकपेटी परत येताना रिकामी का होते
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या वाड्यांवर वाचायला पुस्तकांची पेटी फिरवली की पुस्तकं गहाळ होतात, अशी तक्रार आहे. पत्र्याच्या पेटीत ४० च्या वर पुस्तकं भरूच नका. पेटी एका वाडीवरून दुसरीकडे देताना कुणी पुस्तकं मोजत नाही, खरं दुखणं तेच. झाकणाच्या आतून यादी चिकटवा, देणाऱ्याघेणाऱ्याच्या सह्या त्यावरच. पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. नाहीतर पावसाळ्यात वाळवी ठरलेली. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. सावलीत उभं उघडून ठेवा.

गावच्या वाचनालयात मराठी पुस्तकांची तोंडी मागणी हवेत विरते. कर्नाटकात ग्रामपंचायतीची वाचनालयं २०१९ पासून ग्रामविकास खात्याकडे आहेत. त्यामुळे पुस्तकांची नावं जोडून पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) अर्ज द्या, शक्यतो कन्नडमध्ये, आणि पोच घ्याच. ६ ते १८ वयाच्या मुलांना या वाचनालयांचं सभासदत्व फुकट आहे, हेही शाळेत सांगा.