शब्दचर्चा: ठणका, कळ, चमक, उसण, इंग्रजीत सगळंच 'पेन'?

मिरजेची शिकवणी

नर्सिंग झालेल्या मुलामुलींना मी ओईटीसाठी इंग्रजी शिकवते. डॉक्टर, नर्स, फिजिओ अशा बारा व्यवसायांसाठी ही इंग्रजीची परीक्षा आहे. मूळची ऑस्ट्रेलियाची, आता ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंडलाही चालते. बोलण्याच्या भागात पाच-पाच मिनिटांचे दोन रोल-प्ले असतात. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक, आपण नर्स.

लोकांना वाटतं, यांना वैद्यकीय शब्द जड जात असतील. छे! 'कॅथेटर', 'हायपरटेन्शन', 'इन्फ्यूजन' ही मुलं झोपेतही म्हणतील, शिकलीच आहेत त्या भाषेत. गाडी अडते 'दुखतंय कसं?' या प्रश्नापाशी. वर्गात एकीला म्हटलं, पेशंटला विचार. तिनं विचारलं, "पेन इज हाऊ? मोअर ऑर लेस?" तीच मुलगी वॉर्डात आजींना फडाफडा विचारते, "ठणकतंय का नुसतं दुखतंय? सारखं आहे का मधनंच कळ येते? कुठं सरकतं का?" पेशंटच्या दुखण्याची माहिती ('हिस्टरी') कशी घ्यायची हे तिला पक्कं ठाऊक आहे. इंग्रजीत मात्र तिच्याकडे एकच शब्द आहे, पेन.

म्हणून मराठी शब्दांपासून सुरुवात करून यादी करतेय. दाढ किंवा गळू ठणकतं ते 'थ्रॉबिंग'. सणक 'शूटिंग'. छातीत किंवा बरगडीत चमक निघते ती बहुधा 'स्टॅबिंग'. जळजळ 'बर्निंग', आणि ती छातीत असेल तर 'हार्टबर्न' (आपली 'ॲसिडिटी' तिकडच्या पेशंटच्या तोंडी सहसा नसते). पोटातला मुरडा आणि पायातला गोळा दोन्ही 'क्रॅम्प'. अडलेय ती कळ आणि उसण यांवर. सुचवा.

सोलापुरी चादर

ताई, यादीत 'हुळहुळणे' घाला. भाजून बरं होत आलेल्या कातडीला बोट लागलं की होतं ते. 'टेंडर' चालेल का? आणि 'चुरचुरणे'. डोळे चुरचुरतात, लघवीला चुरचुरतं. आमच्याकडच्या बायका हे सिस्टरच्या कानातच सांगतात, डॉक्टरांना नाही.

दिवसभर उभं राहून पायांना रग लागते, तिला काय म्हणायचं?

शब्दखोर

'चुरचुर'ला 'स्टिंगिंग' अगदी चपखल. 'इट स्टिंग्ज व्हेन आय पास वॉटर' हे तिकडच्या म्हाताऱ्या माणसाचं नेहमीचं वाक्य आहे. 'पास वॉटर' म्हणजे पाणी पास करणं नव्हे, लघवी करणं, हेही शिकवा. रगेला 'एकिंग' पुरे.

उसण हा दुखण्याचा प्रकार नाही, ती घटना आहे. वाकताना पाठीत भरते आणि माणूस तिथंच अडकतो. विशेषण शोधत बसू नका. इंग्रज म्हणतो, 'आय हॅव पुट माय बॅक आउट'. मानेत भरली तर 'क्रिक'. कळेचं मात्र संदर्भ बघून ठरवावं लागेल. बाळंतपणाच्या कळा म्हणजे 'काँट्रॅक्शन्स', पोटात येऊन-जाऊन येणारी कळ 'कॉलिकी' (हा डॉक्टरांचा शब्द, पेशंट म्हणेल 'इट कम्स इन वेव्ह्ज').

जाता जाता: इंग्रजीत शब्द कमी आहेत असं समजू नका. मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 साली वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत दुखण्याचे 78 शब्द 20 गटांत लावले आहेत. 'थ्रॉबिंग' आणि 'पाउंडिंग' एका गटात, 'शूटिंग' दुसऱ्या. मराठीत कुणी असं काम नेटानं करायला हवं.

आडमुठा

हे सगळं छान आहे हो, पण परीक्षेला मराठी विचारत नाहीत. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला बोलण्यात 350 गुण लागतात, संपला विषय. 'टेल मी मोअर अबाउट द पेन' एवढं पाठ करून घ्या. उसण-बिसण कशाला?

मिरजेची शिकवणी

पाठ करून घेतलं की काय होतं ते रोज बघते. मूल 'टेल मी मोअर' म्हणतं, पेशंट झालेला माणूस दोन वाक्यं सांगतो, आणि पुढं सगळं गप्प. शिवाय 2018 पासून बोलण्याच्या गुणांत पाच निकष संवादाचेच आहेत: नातं जुळवणं, पेशंटची बाजू समजून घेणं, बोलण्याला क्रम देणं, माहिती काढणं आणि माहिती देणं. पाठांतरानं यातलं कुठलं जमेल?

लेस्टरची नाइट ड्यूटी

मी इथं इंग्लंडात, लेस्टरच्या एका वॉर्डात आहे. ताई, दुखणं विचारता आलं तरी अर्धीच लढाई होते. उत्तर कानावर पडल्यावर कळायला हवं. इकडचा पेशंट 'आय हॅव बीन सिक' म्हणाला की त्याला उलटी झालेली असते. आजारी असेल तर 'पुअर्ली'. शौचाला झाली का हे 'हॅव यू ओपन्ड युअर बाउल्स टुडे?' असं विचारतात. 'मोशन झाली का' म्हटलं तर बघत राहतील. 'प्लास्टर' मागितलं तर चिकटपट्टी द्यायची, हाड मोडल्यावरचं ते नव्हे. 'सर्जरी'ला जातो म्हणाला तर ऑपरेशन समजून घाबरू नका, तो आपल्या जीपीच्या (नेहमीच्या डॉक्टरच्या) दवाखान्यात निघालाय. आणि 'सिस्टर' ही इथं वॉर्डाची वरची जागा आहे. आपल्याकडे प्रत्येक नर्स सिस्टर असते, तशी नाही.

पण खरी ठेच लागते ती आदरार्थी रूपांना. मराठीत आपण म्हणतो, "बसा आजोबा, हात द्या." सगळा मान त्या 'बसा'तल्या 'आ'त आणि 'आजोबा'त असतो. इंग्रजीत तेच शब्दाला शब्द लावून 'सिट. गिव्ह हँड' म्हटलं की हुकूम होतो. मुलगी मनानं आदरानंच बोलत असते, पण तो आदर क्रियापदात राहतो आणि इंग्रजीत जाताना गळून पडतो. इथं तो वेगळा घालावा लागतो: 'वुड यू लाइक टु सिट डाउन फॉर मी?', 'कॅन आय जस्ट हॅव अ लुक ॲट युअर आर्म?' आणि इथल्या नर्सेसचं लाडकं क्रियापद 'पॉप': 'पॉप युअरसेल्फ अप ऑन द बेड'. हे 'जरा'सारखं काम करतं. "जरा वर सरकता का?" यातला 'जरा'.

नात्याची हाकही इथं चालत नाही. आजी, काका, मावशी काही नाही. आधी आपलं नाव सांगायचं, मग 'काय हाक मारू?' असं विचारायचं. केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या पेशंट होत्या. आपल्यावर उपचार करणारे कित्येकजण नावही सांगत नाहीत हे त्यांना खुपलं, म्हणून 2013 मध्ये त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. 2016 मध्ये त्या गेल्या. (पेशंट मात्र आम्हाला 'मी डक' म्हणतात. हे लेस्टर-नॉटिंगहॅमकडचं प्रेम. बदक म्हटलं म्हणून रागावू नये.)

मिरजेची शिकवणी

'पॉप' आणि 'जरा' ही जोडी उद्याच वर्गात वापरते! कित्येक मुलांचं व्याकरण चोख असूनही बोलणं खडबडीत का वाटतं, हे मला नेमकं सांगता येत नव्हतं. आज्ञार्थ पुसून सगळं 'कुड यू'नं सुरू करायला लावते, तर दर वाक्याला 'कुड यू प्लीज, कुड यू प्लीज' होतं आणि ते दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं.

आता चक्कर. चक्कर, भोवळ, घेरी, गरगरणं, अंधारी. सगळ्यांना मुलं 'गिडीनेस' म्हणतात.

एमबीबीएस, वाचनमात्र नाही

मिसळू नका, यावर निदान ठरतं. गरगरणं म्हणजे खोली फिरतेय: 'द रूम इज स्पिनिंग'. इथं डॉक्टर कानाकडे बघेल. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते ते 'लाइट-हेडेड', तिथं आधी बीपी. भोवळ येऊन पडला तर 'फेंटेड' किंवा 'ब्लॅक्ड आउट'. घेरी आणि चक्कर दोन्हीकडे वापरतात, म्हणून मराठीतसुद्धा आम्ही पुढचा प्रश्न विचारतोच: घर फिरतं का डोळ्यांपुढं काळं येतं?

याहून अवघड 'जीव घाबरा होतो'. एका विद्यार्थिनीनं लिहिलेलं पत्र पाहिलं होतं, 'पेशंट इज अफ्रेड'. बाईंना भीती वाटत नव्हती. छातीत धडधडत होतं, श्वास अपुरा पडत होता. पत्र वाचणाऱ्यानं मानसोपचारतज्ज्ञ गाठला असता.

शब्दखोर

'जीव' असलेले सगळेच धोक्याचे. जीव घुसमटतो, जीव कासावीस होतो, जीव वरखाली होतो. यांना एकेक इंग्रजी शब्द शोधू नये. फोडून लक्षणं लिहावीत: धडधड असेल तर 'पॅल्पिटेशन्स', दम असेल तर 'ब्रेथलेस', मळमळ असेल तर 'नॉशियस'.

लेस्टरची नाइट ड्यूटी

गंमत म्हणजे हे असलं मोघम इंग्रजीतही आहे. परवा एक आजी म्हणाल्या, 'आय केम ओव्हर ऑल फनी'. दुसरे आजोबा नेहमी 'फनी टर्न' आली म्हणतात. नवीन मुली हसतात, त्यांना वाटतं विनोद सांगतायत. तसं काही नसतं, त्यांचा जीव घाबरा झालेला असतो. तिथं न हसता डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलाच प्रश्न विचारायचा, खोली फिरली का अंधारी आली, आणि वर धडधड झाली का तेही. मग नाडी बघायची.