निंबोळी अर्क म्हणजे नुसता आजीबाईचा बटवा?

काळीमाती: काल इथं एकाने लिहिलं, "पिकावर फवारायचा निंबोळी अर्क, दहा झाडपाल्यांचा दशपर्णी अर्क हा आजीबाईचा बटवा, शेतकऱ्याला मागे नेऊ नका." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अरे याच निंबोळीच्या तेलावर बुरशीनाशक म्हणून अमेरिकेचं कृषी खातं आणि एका कंपनीने युरोपात पेटंट घेतलं होतं, २००० ला रद्द झालं, २००५ ला अपीलही फेटाळलं. बटव्यासाठी कोण एवढं भांडतं?

कापूसवाला: मीच लिहिलं ते. पेटंटने अळी मरते का? कापसाची गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. २०१७ ला माझे ६ एकर गेले, अर्क मारूनच गेले.

काळीमाती: आत शिरल्यावर तुझं महागाचं औषध तरी कुठं पोचतं? अर्काने अळी पटकन मरत नाही, तिचं खाणं बंद होतं, कात टाकता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच मारायचा. ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवायची, गाळून १०० लिटर करायचं, आणि फवारा संध्याकाळी, उन्हात त्याची ताकद जाते. तू भर दुपारी मारला असशील.

कापूसवाला: माझ्या शेतात आला होतास का बघायला? तोंड सांभाळून बोल.

बांधावरची: दोघंही भांडताय, पण निंबोळ्या वेचतं कोण? जून-जुलैत, ऐन पेरणीत, आम्ही बायका. गर धुवा, सावलीत वाळवा, कुटा. ती मजुरी कुणीच धरत नाही, म्हणून म्हणे अर्क "फुकट".

काळीमाती: वेचायला झाडं तरी राहिलीत का? आमच्या बांधावर ४ कडुनिंब होते, सावली पडते म्हणून चुलतभावाने तोडले, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

कापूसवाला: सावलीत कापूस येत नाही, भावाचं काय चुकलं? मी पण तोडलाय एक.

बांधावरची: आणि आता पावडर दुकानातून आणता, पोत्यात काय आहे देव जाणे. माझ्या सासऱ्यांनी लावलेला कडुनिंब मी तोडू दिला नाही, दीर वर्षभर चिडून होते. २०१७ ला आमच्या यवतमाळात रासायनिक औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, त्यात आमच्या ओळखीतला एक होता. तेव्हापासून दीर गप्प आहेत.

कापूसवाला: ते मलाही माहितीये ताई. बरं, रस शोषणाऱ्या मावा-तुडतुड्याला पहिल्या दोन फवारण्या अर्काच्या, एवढं मानतो. बोंडअळीचं मानणार नाही.

बांधावरची: मग निंबोळीचा किलोमागे भाव आत्ताच सांगा. जूनमध्ये वेचायला तेव्हाच येऊ.