नेपाळ १९९५: अधिकारींचं सरकार कोर्टाने पाडलं का?

गोदाकाठ:
नोव्हेंबर १९९४ च्या निवडणुकीत नेपाळमध्ये २०५ पैकी ८८ जागा एमालेला (नेपाळ कम्युनिस्ट पार्टी, एकीकृत मार्क्सवादी-लेनिनवादी) मिळाल्या, नेपाळी काँग्रेसला ८३. आघाडी जमेना, म्हणून राजे वीरेंद्र यांनी एमालेच्या मनमोहन अधिकारींना पंतप्रधान केलं. राजाने नेमलेलं कम्युनिस्ट सरकार! जून १९९५ ला विरोधकांनी अविश्वासासाठी खास अधिवेशन मागितलं. अधिकारींनी संसद बरखास्त करायची शिफारस केली, राजांनी ती मानली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बरखास्ती रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये सरकार पडलं.

मला हा निकाल पटत नाही. वर्षभर आधी काँग्रेसचे पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला सभागृहात हरले, त्यांच्याच पक्षाचे ३६ खासदार आले नाहीत म्हणून. त्यांनी मागितलेली बरखास्ती मात्र कोर्टाने उचलून धरली. हरलेल्याला मुभा आणि न हरलेल्याला मनाई?

तांबडमाती:
अहो, कोइरालांचा पक्ष ११० जागा जिंकून आला होता. अधिकारींकडे बहुमताचे १०३ कधीच नव्हते. अविश्वास दारात आल्यावर संसदच मोडायची, तर खासदारांनी मत द्यायचं कुठे? त्याच सभागृहातून काँग्रेस, राप्रपा (राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी) आणि सद्भावना पार्टी मिळून काँग्रेसच्या शेरबहादुर देउबांचं सरकार उभं राहिलंच ना.

गोदाकाठ:
राहिलं, आणि मार्च १९९७ ला पडलं. लोकांना पुन्हा विचारलं असतं तर ही फरपट टळली असती.

तांबडमाती:
देउबांनंतर पंचायत काळातले (१९९० पूर्वीच्या पक्षबंदीच्या राजेशाहीतले) माजी पंतप्रधान लोकेंद्रबहादुर चंद यांना पाठिंबा कुणी दिला? एमालेनेच. फरपटीत त्यांचाही हात आहे.

गोदाकाठ:
हो, ते मलाही खुपतं. त्याचा बचाव मी करणार नाही.

पाऊलवाट:
तुम्ही दोघं कलमांवर भांडताय. माझ्या ओळखीचे एक नेपाळी काका आजीची आठवण सांगतात. पंचाहत्तरी उलटलेल्यांना महिना १०० रुपये भत्ता याच सरकारने सुरू केला. आजी अंगठा लावून नोट घ्यायची आणि कमरेच्या पटुक्यात घडी करून ठेवायची. सरकारकडून हातात आलेले तिचे ते पहिले पैसे. पुढच्या सरकारांनाही तो भत्ता बंद करता आला नाही. नऊ महिन्यांत एवढं झालं, हे तरी मान्य करा.

तांबडमाती:
मनापासून मान्य. गावागावाला तीन लाख थेट देणंही मोठं काम होतं. पण चांगलं काम केलं म्हणून अविश्वासाचं मतदान टाळायचा हक्क मिळत नाही, इथे मी ठाम आहे.

गोदाकाठ:
आणि मतदारांकडे परत जाणं म्हणजे पळ काढणं नव्हे, इथे मी.